वेगळं करा

मुलगी सात-आठ वर्षांची असेल. टबचं झाकण तिनेच उचललं आणि म्हणाली, "ते झोपलंय." झोपलं नव्हतं. दोन्ही पापण्या सुजून डोळे बंद झाले होते आणि डाव्या कानाच्या जागी शेंगदाण्याएवढं टेंगूळ. लाल कानाचं स्लायडर, म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं परदेशी कासव, तळहाताएवढं.

कासवाला बाहेरून कान दिसत नाही. डोळ्यामागे नुसता एक खवला, कान त्याच्या आत. त्यामुळे घरच्यांना वाटतं गाल फुगलाय. त्याआधी एका डॉक्टरांनी तीन आठवडे डोळ्यांत अँटिबायोटिकचे थेंब घालायला लावले होते. खायला काय देता, हे मात्र विचारलं नव्हतं. मी विचारलं. "सुकी कोळंबी. दुसरं खातच नाही." झालं! अ जीवनसत्त्व कमी पडलं की पापण्यांच्या, नाकाच्या, कानाच्या आतलं मऊ अस्तर जाड नि कोरडं होत जातं, सुटलेल्या पेशी साचतात आणि मागून जंतू शिरतात. दिवा होता, पण काचेच्या झाकणावर ठेवलेला, आणि कवच टणक राहायला हवे असतात नेमके तेच अतिनील किरण काच अडवते. कवचाची कड अंगठ्याने दाबली तर दबली.

सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू वाहत नाही, हे नवख्यांना सांगून पटत नाही. ते सुई टोचतात आणि सुईत काहीच येत नाही, कारण आत मेणासारखा घट्ट गोळा असतो. भूल दिली की कासव श्वास घेणं सोडून देतं, म्हणून श्वासनलिकेत नळी घालून त्याच्या वतीने आपणच हवा द्यायची. खवल्याच्या खालच्या कडेने चंद्रकोरीसारखी चीर घेतली आणि गोळा हलक्या हाताने सोडवत आणला. तो अख्खा निघाला पाहिजे, कण राहिला तर पुन्हा भरतं. त्या दिवशी अख्खा निघाला. कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते. टाके घालायचे नाहीत, जखम आतून भरत येऊ द्यायची. इंजेक्शन पुढच्याच पायात, कारण मागच्या पायांतलं रक्त आधी मूत्रपिंडांकडे जाऊ शकतं. अ जीवनसत्त्वाचा डोसही जपून. उत्साहात जास्त टोचलं की कातडी सोलवटून निघते, मी पाहिलंय.

मुलीला हात साबणाने धुवायला सांगितलं. ती कवचाची पापी घ्यायची. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या पोटातही साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती त्याचमुळे. लहान मुलं ती तोंडात घालत.

मग वडिलांनी विचारलं, "डॉक्टर, हे तळ्यातल्या कासवांना लागेल का हो?"

कुठल्या तळ्यातल्या?

घरी दोन होती. आठवड्यापूर्वी त्यांनी फोन केला होता, तेव्हा मी दोन पेशंटच्या मध्ये, रिसीव्हर खांद्यात धरून म्हणाले होते, "अजून एखादं असेल तर आधी वेगळं करा." रोज म्हणते. त्यांच्याकडे दुसरा टब नव्हता. चांगलं आहे ते तरी वाचावं, म्हणून त्यांनी ते तळ्यात सोडलं.

हा आजार संसर्गाचा नव्हताच. तीच कोळंबी खाऊन तेही चार वर्षं वाढलेलं, म्हणजे त्याचेही डोळे मिटायच्या वाटेवर असणार, आणि डोळे मिटलेल्या कासवाला खाणं सापडत नाही. ते तगलं तर वेगळीच भीती. घरच्या टाकीतले रानाव्हायरस, हर्पिसव्हायरस, कृमी अंगावर काही न दाखवता तळ्यात जाऊ शकतात, आणि तिथल्या मूळच्या कासवांच्या शरीराला त्यांची ओळख नसते. लोक याला सुटका म्हणतात. याही वडिलांनी तोच शब्द वापरला. मी रागावले, आणि मधेच थांबले. 'वेगळं करा' हे शब्द माझेच होते ना.

बाप-लेक ते शोधायला तीनदा तळ्यावर जाऊन आले. ओंडक्यावर आठ-दहा कासवं ऊन खात होती, बऱ्याच जणांच्या डोळ्यामागे लाल पट्टा. म्हणजे हे पहिलं नव्हतंच.

घरच्याने सतराव्या दिवशी एक डोळा उघडला. कोळंबी नको म्हणून मान फिरवणं अजून जमलेलं नाही, पण पालेभाजी कुरतडतंय.

परवा फोनवर कुणाला तरी पुन्हा तेच म्हणून बसले. ठेवल्यावर लक्षात आलं. परत लावला आणि विचारलं, दुसरा टब आहे का तुमच्याकडे?