पडताळा कुठाय?

शाळेच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा, असा निरोप आला तेव्हा आधी टाळाटाळच केली. गॅदरिंग, सहल, चिंचेचं झाड यांवर बाकीचे लिहितीलच. मी पतसंस्थेच्या कर्ज विभागात तीस वर्षं काढली, मला व्याजाबद्दलच लिहिता येईल. आणि व्याज मी याच शाळेत शिकले.

साल १९७३. आठवीचा वर्ग. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, पण पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या त्या जिरायत पट्ट्यात तो घराघरातून हटला नव्हता. गणिताच्या सरांचं नाव इथं लिहीत नाही. आमच्या वेळच्यांना ‘पडताळा सर’ एवढं म्हटलं तरी पुरे.

सरळव्याजाच्या पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘द.सा.द.शे. ९’. दर साल दर शेकडा, म्हणजे शंभर रुपयांना वर्षाला नऊ. मग वळून विचारलं, “घरी कुणी कर्ज काढलंय का? दर काय?” वर्ग गप्प. कर्ज ही काय वर्गात सांगायची गोष्ट? मी मात्र हात वर केला. “तीन टक्के, सर. पुस्तकापेक्षा आमच्याकडं स्वस्त आहे.”

कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तसंच वाटत होतं. सरही हसले नाहीत. त्यांनी नऊच्या शेजारी तीन लिहिले, त्याखाली ‘दर महिना’ लिहिलं आणि बाराने गुणलं. छत्तीस. “गावात टक्का म्हणतात तो महिन्याचा. पुस्तकातला वर्षाचा. कुणी टक्का म्हटलं की आधी विचारायचं, कशाचा?” हा एक प्रश्न मी पुढं कर्जदारांना विचारायला शिकवत राहिले, आणि ते बिचारे प्रश्न विचारायच्या आधी सही करत राहिले.

गाइडमध्ये चार सूत्रं होती. व्याजाचं एक, मुद्दलाचं एक, दराचं एक, मुदतीचं एक. सरांनी तीन खोडायला लावली. राहिलं ते असं: व्याज म्हणजे म गुणिले द गुणिले क, भागिले शंभर. मुद्दल, दर, काळ. “जे ठाऊक नाही त्याचं अक्षर तसंच राहू द्या. बाकीच्यांच्या जागी आकडे घाला. ते अक्षर आपोआप एकटं पडतं.” बीजगणित आम्हाला त्याच वर्षी लागलं होतं आणि त्याचा उपयोग काय हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मला फळ्यापाशी बोलावून दिलेलं गणित अजून आठवतं. काही रकमेची द.सा.द.शे. ८ दराने ५ वर्षांची रास, म्हणजे मुद्दल अधिक व्याज, २,८०० रुपये होते, तर मुद्दल काढा. मी ऐटीत पाच आठे चाळीस केलं, २,८०० चे चाळीस टक्के ११२० काढले, वजा केले. १,६८०. खडू ठेवून निघाले.

“पडताळा कुठाय?”

१,६८० चे चाळीस टक्के ६७२. मिळवले तर २,३५२. साडेचारशेला दोन कमी. मी रडवेली. सर म्हणाले, “व्याज मुद्दलावर बसतं, राशीवर नाही. तू राशीचे चाळीस टक्के काढलेस. मुद्दल म धर.” म अधिक शंभरात चाळीस म, म्हणजे १.४ म. ते २,८०० एवढं. म बरोबर २,०००. त्याचं व्याज ८००, दोन्ही मिळून २,८००. जमलं. त्यांनी वर ऐकवलं की हीच चूक होऊ नये म्हणून भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त असलंच गणित घातलंय: दरमहा शेकडा पाच दराने वर्षाची रास हजार, तर मूळ रक्कम किती? आम्ही १.६ म लिहून ६२५ काढले. ‘लीलावती’ ११५० सालची. आठशे वर्षांपूर्वीचं उत्तर आमच्या वहीत बरोबर आलं याचा आनंद झालाच, पण माझ्या डोक्यात भलतंच घोळत राहिलं. दरमहा शेकडा पाच! आम्हाला कर्ज देणाऱ्या आडत्याचे तीन बरेच म्हणायचे की.

सगळ्यात नवल वाटलं ते दामदुप्पटीचं. छत्तीसच्या दराने रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल? मुद्दल दिलेलंच नाही. आम्ही ओरडलो, “गणित अपुरं आहे!” सर म्हणाले, “म लिहा की.” व्याज मुद्दलाएवढं झालं पाहिजे. डावीकडं म, उजवीकडं म. दोन्हीकडून उडाला. उरलं ३६ गुणिले क बरोबर १००. दोन वर्षं, नऊ महिने, दहा दिवस. दहा रुपये घेतले काय नि दहा हजार घेतले काय, मुदत तीच. मला ते अन्यायाचं वाटलं होतं, का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

दिवाळीच्या सुट्टीत दादांच्या फडताळात कर्जाचा कागद सापडला. एक हजार रुपये, महिना शेकडा तीन, मुदत ज्येष्ठ ते चैत्र, दहा महिने. व्याज तीनशे. पण दादांनी पेरणीआधी घरी आणलेल्या शंभराच्या नोटा मी मोजल्या होत्या. सातच होत्या. व्याज आधीच कापून घेतलेलं.

वही काढली. मुद्दल हजार नव्हेच, हातात आलं ते सातशे. ७०० गुणिले द गुणिले दहा-बारांश, भागिले शंभर, बरोबर ३००. द एकटा पडला: ५१ रुपये ४३ पैसे. पडताळा पण केला.

“दादा, छत्तीस नाही, एक्कावन्न पडतंय.”

दादांनी वही हातात घेतली, उलटी-सुलटी बघितली. ते चौथी शिकलेले. “सातशेवर तीनशे जास्तीचे द्यायचे हे काय मला कळत नाही व्हय गं? बियाणं दुसरं कोण देणार होतं?”

यावर माझ्याकडं समीकरण नव्हतं. शाळा सुरू झाल्यावर सरांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, याच सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ ला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते, माहीत आहे का? तो इतिहासाचा तास नव्हता. माझ्या उत्तराखाली मात्र त्यांनी बरोबरची खूण केली. गुढीपाडव्याला दादांनी हजार फेडले आणि पुढच्या पेरणीला कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीचे सभासद झाले. माझ्या वहीमुळे झाले असं लिहायला मला आवडेल, पण गावातले आणखी दहा जण त्याच आठवड्यात झाले होते.

नोकरीत असताना एकदा एक पोरगा हप्त्यांचं कार्ड घेऊन आला. मोटारसायकलसाठी बाहेरून कर्ज काढलेलं: ६०,००० रुपये, दोन वर्षं, दर ‘फक्त दहा टक्के फ्लॅट’, म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज. व्याज १२,००० आणि हप्ता महिना ३,०००. आमच्याकडचा दर चौदा, म्हणून तो आम्हालाच महाग म्हणत होता. मी त्याला विचारलं, दर महिन्याला मुद्दलातले अडीच हजार फिटतात, मग तेविसाव्या महिन्यात तुझ्याकडं साठ हजार असतात का? नसतात, पाच हजार असतात. पहिल्या महिन्यात ६०,०००, मग ५७,५००, असं करत शेवटी २,५००. सगळ्यांची बेरीज साडेसात लाख. तेवढे रुपये एक-एक महिना वापरले, त्याचं व्याज १२,०००. द काढला: वर्षाला १९.२. पोरगा कार्ड घेऊन गेला, परत काही आला नाही.

मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला सरांकडं गेले तेव्हा हे त्यांना सांगितलं. नजर अधू झालेली, ऐकू कमी येत होतं. १९.२ दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं.

“पडताळा?”

केला नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर आठवीतल्यासारखी खाली मान घालून उभी राहिले. सरांनी पत्रिकेचं पाकीट उलटं केलं, पेन मागितलं. महिन्याला शेकडा १.६. पहिल्या महिन्याचं व्याज ९६०, शेवटच्याचं ४०. “दोन्ही मिळून हजार. दुसरा आणि तेविसावा, पुन्हा हजार. चोवीस महिन्यांच्या जोड्या किती?”

“बारा, सर.”

“मग झाले बारा हजार,” ते म्हणाले, आणि पाकिटावर बरोबरची खूण करून ते मला परत दिलं. पत्रिका तेवढी ठेवून घेतली.