नुसत्या हातांनी लढताना: ठोसा कमी, पकड जास्त

तालमी आणि कुस्तीचे फड पाहत वाढलेला सोलापूरचा खेळाडू ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून, पात्र रंगवून खेळायचा खेळ खेळायला बसला की हमखास विचारतो: माझा पैलवान तलवार न घेता लढला तर चालेल का? चालेल. फक्त पाचव्या आवृत्तीत ठोसा फार दुबळा आहे. हातांची खरी ताकद पकडण्यात आणि पाडण्यात आहे.

स्ट्रेंग्थ (पात्राची ताकद) १६ म्हणजे +३, पहिल्या लेव्हलचा प्रोफिशियन्सी बोनस (सरावाची भर) +२. ठोसा मारताना डी२० (वीस बाजूंचा फासा) अधिक ५, म्हणजे तलवारीइतकाच नेम. पण लागला तर डॅमेज १ अधिक ३, म्हणजे ४. लाँगसोर्ड एका हाताने सरासरी ७.५ देते. समोर एसी (हल्ला लागायला गाठायचा आकडा) १५ आणि एचपी (जीव) ७ असा किरकोळ शत्रू असला तरी त्याला दोन ठोसे लागतात, आणि प्रत्येक ठोसा लागण्याची शक्यता ५५ टक्के. क्रिटिकलमध्ये (डी२० वर २० पडल्यावर) फक्त फासे दुप्पट होतात. इथे फासाच नाही, म्हणून ४ चे ४ च राहतात. स्ट्रेंग्थ ८ असलेल्या जादूगाराचा ठोसा तर १ वजा १, शून्य.

‘रोग’ (rogue, चपळ चोरट्याचं पात्र) घेणारे इथे हटकून फसतात. साध्या ठोशाला डेक्स्टेरिटी (चपळाई) चालत नाही, आणि मूठ हे शस्त्र नसल्यामुळे स्नीक अटॅकही (रोगचं जादा डॅमेज) लागू होत नाही. हात भरलेले असले तरी लाथ किंवा डोक्याची धडक मारता येते. तीही ठोशातच मोजतात.

आता मुख्य डाव. २०२४ च्या नियमांत ठोशाऐवजी पकड किंवा ढकलणं (यातच आडवं पाडणंही येतं) निवडता येतं. यात तुम्ही फासा टाकत नाही, समोरचा सेव्ह (बचावाचा फासा) टाकतो, आणि त्याला गाठायचा आकडा: ८ + स्ट्रेंग्थ + प्रोफिशियन्सी, आपल्या पैलवानासाठी १३. स्ट्रेंग्थ वापरायची की डेक्स्टेरिटी, हे तो ठरवतो. त्याचा बोनस +२ असेल तर निम्म्या वेळा तो सापडतो. २०१४ च्या पुस्तकात हेच अ‍ॅथलेटिक्सच्या सामन्याने (दोघांनी फासे टाकून) ठरतं, तेव्हा कुठलं पुस्तक चालू आहे ते डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) खेळाआधीच सांगून टाकावं.

पकडलेल्याची चाल (एका टर्नमध्ये सरकण्याचं अंतर) शून्य होते. आडवा पाडलेला माणूस एरवी अर्धी चाल खर्चून उठतो. कुस्तीसारखा पाठ टेकली की निकाल लागत नाही. पण चालच शून्य असेल तर तो उठणार कसा? म्हणून दोन्ही एकत्र करायचं. तुम्ही आणि पाच फुटांच्या आतले साथीदार त्याच्यावर अ‍ॅडव्हान्टेजने मारता, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरता, त्यामुळे ५५ टक्क्यांचे जवळजवळ ८० होतात. त्याचे स्वतःचे हल्ले दोन फाशांतला लहान धरून, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेजने. सुटायचं तर त्याला अख्खी अ‍ॅक्शन घालवावी लागते.

पहिल्या लेव्हलला एकच हल्ला असतो, तेव्हा आधी पकडा, पुढच्या टर्नला पाडा. उलट केलंत तर तो मधल्या टर्नमध्ये उठून निघून जातो. पाचव्या लेव्हलला फायटरला दोन हल्ले मिळाले की दोन्ही एकाच टर्नमध्ये बसतात.

डाव बिघडतो तो ठरलेल्या ठिकाणी. पकडीला एक हात मोकळा लागतो. ढाल आणि तलवार दोन्ही धरून पकड नाही. तुमच्यापेक्षा दोन आकारांनी मोठा प्राणी पकडता येत नाही. आणि लांबून बाण मारणाऱ्या साथीदाराला आडव्या शत्रूवर डिसअ‍ॅडव्हान्टेज येतो, त्यामुळे पाडण्याआधी त्याला विचारा.

ठोशांवरच जगायचं असेल तर मंक (नुसत्या हातांनी लढणारं पात्र) घ्या. २०२४ मध्ये त्याची मूठ डी६ पासून सुरू होऊन १७ व्या लेव्हलला डी१२ होते, आणि ठोसा, पकड, ढकलणं तिन्हींना डेक्स्टेरिटी चालते.

डीएमसाठी एक सुचवणं: गड्ड्याच्या जत्रेसारख्या गर्दीतला, शस्त्रं बाहेर ठेवून आलेला प्रसंग रचा. पकडलेल्याला ओढत नेताना प्रत्येक फुटाला एक फूट जादा लागतो, म्हणजे ३० फुटांच्या चालीत १५ फूटच सरकता येतं. पाळण्यापासून दरवाजापर्यंतचं अंतर तेवढं लक्षात ठेवून आखा.