हॉल बघायला जाताना चपला बाहेर काढा

श्रावण लागला की आमच्या जिल्ह्यातल्या जिम्नॅस्टिक्सवाल्यांची हॉलसाठी पळापळ सुरू होते. शालेय स्पर्धा येतात भर पावसाळ्यात, आणि चातुर्मासात लग्नं नसल्यामुळे मंगल कार्यालयं रिकामी असतात, भाडंही जरा खाली येतं, मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच की अमुक कार्यालय घेऊन टाकू, स्टेज आहे, माईक आहे, जेवणाची सोय आहे. हॉल बघून यायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. परवा असंच एक बघायला गेले तर मॅनेजरकाका कौतुकाने दाखवत होते, "ताई, इथे एका वेळी चारशे पान उठतं." मी वर बघत होते. छताला लांब दांड्यांचे पंखे आणि मधोमध काचेचं झुंबर.

हॉरिझाँटल बार, म्हणजे मुलांचा लटकून फिरायचा आडवा दांडा, जमिनीपासून २.८० मीटरवर असतो. त्यावर मुलगा हात सरळ ठेवून उभा फिरतो तेव्हा त्याचे पाय पावणेपाच-पाच मीटरच्या घरात जातात, आणि बार सोडून उतरताना तो त्याच्याही वर उडतो. रिदमिकच्या, म्हणजे संगीतावर साहित्य घेऊन खेळणाऱ्या मुली तर हूप (कडं) आणि बॉल वर फेकतात, तो छताला लागून कुठेही गेला की बिचारीचं अख्खं सादरीकरण गेलं. त्यामुळे छत पहिलं बघायचं. ते कमी पडत असेल तर काकांना नमस्कार करून निघायचं, बाकीचं बघत वेळ घालवायचा नाही.

मग लांबी-रुंदी. फ्लोअर एक्सरसाइजची, म्हणजे जमिनीवरच्या उड्या-कोलांट्यांची चौकट १२ बाय १२ मीटरची, तिच्या चारी बाजूंना अजून एकेक मीटर धरला की झाली १४ बाय १४. लोक म्हणतात, बॅडमिंटनचा हॉल आहे की, बसेल आरामात. पण बॅडमिंटनचं एक कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर, म्हणजे दोन कोर्टं मधल्या जागेसकट झाकली तेव्हा कुठे एक फ्लोअर बसतो, आणि लांबीला तो कोर्टाच्या थोडा बाहेरच येतो. व्हॉल्टची, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायच्या उडीची धावपट्टी २५ मीटरपर्यंत, पुढे टेबल, पुढे उतरायच्या गाद्या, म्हणजे तेहेतीस-चौतीस मीटर सरळ रेषेत मोकळे हवेत. छोट्या गटातली मुलं एवढी लांबून धावत नाहीत हे खरं, पण मोठ्या गटातल्या मुलींना मी हॉलच्या दाराबाहेर पॅसेजमधून धावत येताना बघितलंय आणि दाराच्या उंबऱ्याला पट्टीवाली लोखंडी फ्रेम होती. परत असं होऊ द्यायचं नाही हे मी त्याच दिवशी ठरवलं.

आता खरा विषय, जमिनीचा. आपण फ्लोअर म्हणतो तेव्हा बाहेरच्या माणसाला वाटतं फरशी, पण आपल्याकडे फ्लोअर हे बार किंवा बीम (तोल सांभाळायची अरुंद पट्टी) यांच्यासारखंच एक उपकरण आहे. प्लायवूडचे तक्ते, त्यांच्या खाली शेकडो स्प्रिंगा, वर फोम आणि त्याच्या वर कार्पेट, सगळं वेल्क्रोने जोडलेलं. पोरगं राउंडऑफ, फ्लिक अशा हातांवरच्या उड्या घेऊन उंच समरसॉल्ट (हवेतली कोलांटी) मारतं आणि खाली येतं तेव्हा घोट्यावर, गुडघ्यावर, कमरेवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, तो या थरांनी गिळायचा असतो. तोच भार फरशीवर टाकलेल्या पातळ मॅटवर आला की मॅट दबून तळाला टेकते आणि सगळा दणका हाडात जातो. कबड्डीची मॅट, तायक्वांदोची कोड्यासारखे तुकडे जोडून होणारी मॅट, ह्या त्या त्या खेळाला उत्तम आहेत, पण "मॅट आहे ना" म्हणून त्यांच्यावर आपली स्पर्धा लावणं मला अजिबात पटत नाही.

मी हे इतकं जीव तोडून का सांगते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत स्प्रिंगवाला फ्लोअर नव्हता, रोलवाल्या मॅट पसरल्या होत्या, खाली गुळगुळीत टाइल्स. सकाळी सगळं घट्ट जुळलेलं होतं. दुपारपर्यंत शंभरेक मुलांनी उड्या मारून मारून दोन रोल एकमेकांपासून सरकले आणि मध्ये जेमतेम तीन बोटं फट पडली, वरून चिकटपट्टी असल्यामुळे ती दिसत पण नव्हती. अकरा वर्षांची मुलगी, साधं हँडस्प्रिंग (हातांवरून पुढे उलटी उडी), डावा पाय बरोब्बर त्या फटीत. तिचा आवाज आला नाही, ती फक्त खाली बसली आणि घोटा दोन्ही हातांनी धरला. मी दहा फुटांवर टेबलाशी गुणपत्रिका लावत होते. ते वर्ष तिचं गेलं. फ्लोअर सकाळी एकदा बघून चालत नाही, प्रत्येक गट संपला की परत बघावा लागतो, हे मला तिच्या घोट्याने शिकवलं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी चपला काढते. अनवाणी, टाच आधी टेकवत, पूर्ण चौकट आडवी-उभी चालते आणि मग दोन्ही कर्ण, कारण मुलांच्या मोठ्या उड्या कर्णावरच होतात, सतरा मीटरला थोडासाच कमी भरतो तो. डोळ्यांना जो जोड दिसत नाही तो टाचेला कळतो. कुठे स्प्रिंग मेलेली असेल तर तिथे पाय टाकल्यावर ठप्प असा वेगळा आवाज येतो. खालची जमीन एका पातळीत नसेल तर तक्ता एका कोपऱ्यावर डुगडुगतो, तिथे गवंड्याची पाणसळ ठेवून बघायची आणि मगच वरचा फोम अंथरायचा. आणि चांगला स्प्रिंगचा फ्लोअर मिळणार असेल तरी सगळ्या कोचना आठवडाभर आधी कळवायचंच. काथ्याच्या गादीवर सराव केलेलं पोर स्प्रिंगवर आलं की जास्त उडतं आणि फिरणं जास्त होतं, स्प्रिंगवरचं पोर कडक मॅटवर आलं की फिरणं कमी पडतं, दोघांनाही सराव उड्या द्यायला हव्यात.

अजून एक गोष्ट जी हॉलवाल्याला आधीच विचारायची, नाहीतर आदल्या रात्री भांडण ठरलेलं. हॉरिझाँटल बार आणि अनइव्हन बार (मुलींचे कमी-जास्त उंचीचे दोन बार) तारांनी ताणून जमिनीत पक्क्या बसवलेल्या अँकरला बांधतात. अँकर नसतील तर भोकं पाडावी लागतात, आणि बॅडमिंटनच्या लाकडी कोर्टात कोण भोकं पाडू देईल. पोती ठेवून, खांबाला दोर बांधून काम भागवू म्हणणारे भेटतात, त्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. त्यापेक्षा बारची स्पर्धा अँकर असलेल्या दुसऱ्या क्लबमध्ये घेऊ, मुलांना रिक्षाने नेऊ.

पावसाळ्यात ओल हा मोठा शत्रू आहे. बंद हॉलमध्ये कार्पेट दमट होतं, प्लायवूड फुगतं, तक्त्यांचे जोड वर येतात. छप्पर गळतं का ते कोरड्या दिवशी समजत नाही म्हणून मी मुद्दाम पाऊस असताना हॉल बघायला जाते. पंखे लावावेत तर रिदमिकच्या रिबनचं वाटोळं, एसीच्या झोताने पण तसंच, म्हणून रिदमिक सकाळी लवकर उरकलेलं बरं. खिडकीतलं ऊन बीमवर कधी येतं तेही बघायचं, १० सेंटिमीटर रुंद पट्टीवर सव्वा मीटर उंच उभी असलेली मुलगी उन्हाने डोळे मिटले तर तोल सांभाळणार कशी?

हे सगळं मोजणं म्हणजे अती करणं असं काहींना वाटतं. त्यांना मी २००० सालचं सिडनी ऑलिंपिक सांगते. महिलांच्या ऑल-अराउंड (सगळ्या उपकरणांच्या एकत्रित गुणांच्या) फायनलला व्हॉल्ट १२५ सेंटिमीटरच्या जागी १२० वर लावला होता. मुली पडत होत्या आणि वाटत होतं त्यांचंच चुकतंय. शेवटी अ‍ॅलाना स्लेटर नावाच्या ऑस्ट्रेलियन मुलीने सांगितलं की उंची बरोबर नाही, तेव्हा कुठे टेप लावून बघितलं. सिडनीत हे होऊ शकतं तर आमच्या तालुक्याला टेप दोनदा लावायला काहीच हरकत नाही.

ते झुंबरवालं कार्यालय मी नाही म्हणून कळवलं. आता एका कॉलेजचा इनडोअर हॉल बघितलाय, छत उंच आहे, जमीन सपाट आहे, अँकरबद्दल प्राचार्य लेखी अर्ज द्या म्हणालेत. पूर्वेच्या भिंतीला मोठ्या खिडक्या आहेत. रविवारी सकाळी साडेनऊला जाऊन ऊन कुठपर्यंत येतं ते बघायचंय आणि काळं कापड किती मीटर लागेल ते मोजायचंय.