लग्न वैशाखात, अल्बम दिवाळीत

निफाडकडचं द्राक्षबागायतदार कुटुंब. लग्न औरंगाबाद रोडवरच्या एका लॉन्सवर, वैशाखात, गोरज मुहूर्तावर. अल्बम त्यांच्या घरी पोचला तो वसुबारसेच्या आदल्या दिवशी. एवढा वेळ कशाला लागतो, सगळं कॉम्प्युटरवरच तर होतं, असं मला, लग्नाचे अल्बम बनवणाऱ्याला, दर सीझनला कुणी ना कुणी विचारतंच. म्हणून हा एक अल्बम कसा झाला ते सांगतो.

तीन कॅमेऱ्यांचे मिळून साडेचार हजारांवर फोटो होते. मिटलेले डोळे, एकासारखे एक, कुणाचा तरी हात मध्ये आलेला, असे सगळे काढून नऊशेपर्यंत आणले, छोट्या साइझमध्ये नंबर टाकून पेनड्राइव्हवर दिले. तीस शीटचा करिझ्मा, म्हणजे डिझाइन करून जाड पानांवर छापलेला अल्बम, ठरला होता. शीट म्हणजे समोरासमोरची दोन पानं. एका शीटवर सरासरी पाच धरले तरी दीडशे फोटो होतात, आणि माझ्या मते तेही दाटीच. घरचे कर्ते नाना, त्यांना "दीडशेच निवडा," असं बजावून सांगितलं. पेनड्राइव्ह कपाटात गेला. आधी खरड छाटणीनंतरची, म्हणजे द्राक्षवेलींच्या उन्हाळी छाटणीनंतरची कामं, मग पावसातल्या फवारण्या. श्रावण लागता लागता नवरीच्या भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर नंबरांची यादी धाडली. चारशे साठ.

नाना म्हणाले, "भाऊ, सगळेच चांगले आलेत. कोणाला काढायचं?"

यादीतले निम्मे तर सत्काराचे होते. शाल, नारळ, फेटा. सोसायटीचे चेअरमन, सरपंच, सोयरे, बाजार समितीतली मंडळी. आमच्यातली नवी पोरं या फोटोंना नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. ज्याच्या खांद्यावर शाल पडली तोच माणूस पुढे घरी चहाला येतो आणि अल्बम मागतो. पण त्यांना पानभर जागा देण्यात अर्थ नाही. दोन शीटवर चौकटी आखल्या, प्रत्येकाचं डोकं एका उंचीवर घेतलं, मागचा पडदा एका रंगाचा केला. दिसायला सोपं, पण सगळ्यात जास्त वेळ याच दोन शीटनी खाल्ला, कारण अर्धी माणसं नारळ घेताना माइकवाल्याकडे बघत होती.

अंतरपाटाच्या शीटवर मात्र मी मनापासून रमलो. बारा बाय छत्तीस इंचाची शीट ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १०,८०० बाय ३,६०० पिक्सेलची होते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६,००० बाय ४,००० चा. शीटची लांबी उंचीच्या तिप्पट, फोटोची दीडपट. म्हणजे रुंदी पूर्ण ठेवायची तर उंचीतला निम्मा फोटो कापावा लागतो आणि उरलेला ताणल्यावर इंचाला जेमतेम १६६ पिक्सेल पडतात. अल्बम मांडीवर घेऊन बघतात, तेवढ्या अंतरावरून ते चालतं. खरी पंचाईत मधल्या घडीची. घडीवर चेहरा आला की नाक दुमडलंच म्हणून समजा. पण अंतरपाटाचा फोटो जणू याच शीटसाठी असतो: मधोमध कापड, दोन्हीकडे नवरा-नवरी, त्यांच्या पाठीशी दोघांचे मामा. घडी नेमकी अंतरपाटावर घेतली. वर झुंबर गेलं, खाली चौरंग गेला, कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

या शीटवर ना फुलं, ना इंग्रजी सुविचार. जावईबापूंनी कुणाचा तरी नमुना आणला होता, त्यात नवरा-नवरी ढगातून खाली येत होते. तो मी गोड बोलून परत दिला.

रंगांचं मात्र गोड बोलून भागत नाही. हळदीला पिवळा मांडव, पिवळे कपडे, त्यात अंगाला हळद. सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे. स्टेजवर मागच्या एलईडी स्क्रीनचा जांभळा उजेड नवरीच्या गालावर. स्क्रीनवर छान दिसतं म्हणून फसू नये. मॉनिटरचा उजेड फार असला की छपाई काळवंडलेली वाटते. मी कॅलिब्रेशन करून, म्हणजे मॉनिटर मोजून जुळवून, तो ८० ते १२० निट्सच्या (निट हे उजेडाचं माप) दरम्यान ठेवतो. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतच देतो, कारण छापणारी लॅब तेच गृहीत धरते. अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या पद्धतीतली फाइल तशीच गेली तर पैठणीचा हिरवा मेलेला येतो. हळदीची आणि स्टेजची एकेक पट्टी आधी छापून बघितली, मगच पुढे गेलो.

मंजुरीला पाठवलं तेव्हा गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू. तरी उत्तर आलं, तेही मामांकडून: "आमचा फोटो आत्याच्या खाली कसा?" मामांचा मान मोठा, वर घेतला. मग आत्यांचा फोन आला. शेवटी दोघांना समोरासमोरच्या पानांवर सारख्या मापात बसवलं.

अल्बम दोन होते, सासरी एक, माहेरी एक. चोवीस शीट त्याच ठेवल्या, सहा बदलल्या. माहेरच्या अल्बममध्ये मांडव आणि पाठवणी जास्त, सासरच्यात वरात आणि गृहप्रवेश. त्यामुळे "त्यांचेच फोटो जास्त" हे वाक्य या वेळी ऐकावं लागलं नाही. कागद मॅट घेतला. ग्लॉसीवर बोटांचे ठसे उठतात आणि हा अल्बम पन्नास घरं फिरणार होता. छपाई, लॅमिनेशन, बाइंडिंग हे लॅबचं काम बघता बघता उरकलं.

अल्बम देताना उरलेले पैसे मिळाले, वर द्राक्षांच्या सीझनला बागेत यायचं आमंत्रण. नव्या करारात मी एक ओळ घातली आहे: दोन महिन्यांत निवड आली नाही, तर फोटो मी निवडणार. अजून कुणी हरकत घेतलेली नाही. बहुतेक कुणी वाचतच नसावं.