पांढरेही आपले, काळेही आपलेच

राजारामपुरीत संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवताना मी लॅपटॉपवर लीला चेस झिरो हा प्रोग्रॅम उघडा ठेवतो. परवा एका पालकांनी विचारले, "सर, ह्याला एवढं कुणी शिकवलं म्हणायचं?" कुणीच नाही, हे उत्तर त्यांच्या पचनी पडले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या प्रोग्रॅममध्ये वजिराचे नऊ, हत्तीचे पाच असे माणसांनी बसवलेले हिशेब भरलेले असत. डीपमाइंड या कंपनीच्या अल्फाझिरो या प्रोग्रॅमला 2017 मध्ये फक्त खेळाचे नियम दिले गेले, आणि लीला त्याच धर्तीवर घडली आहे. एकच न्यूरल नेटवर्क, म्हणजे सरावातून आपले आकडे सुधारत शिकणारी संगणकी रचना, पांढऱ्या आणि काळ्या, दोन्ही बाजूंनी खेळते. सुरुवातीला चाली कशाही पडतात, वजीर फुकट जातो. डाव संपला की त्याच्या निकालावरून त्यातील प्रत्येक स्थिती किती चांगली होती याचा अंदाज सुधारला जातो.

पण खरी मेख पुढे आहे. प्रत्येक चालीआधी अल्फाझिरो त्या अंदाजाच्या आधारे सुमारे 800 वेळा पुढच्या शक्यता चाचपून पाहत असे. अशा विचाराअंती निवडलेली चाल पहिल्या झटक्यात सुचलेल्या चालीपेक्षा बहुधा सरस ठरते, आणि नेटवर्कला हेच शिकवले जाते की आज विचार करून जे सापडले ते उद्या विचाराआधीच सुचले पाहिजे. हे पहिले सुचणे सुधारले की त्यावर उभा राहणारा विचारही आणखी खोल जातो. शिवाय समोरचा नेहमी तुल्यबळ राहतो, त्यामुळे डाव एकतर्फी होऊन शिकणे थांबत नाही.

अल्फाझिरोने चार तासांत स्टॉकफिश या बलाढ्य बुद्धिबळ प्रोग्रॅमला मागे टाकले हे सगळे सांगतात; त्या चार तासांत स्वतःशी डाव खेळायला 5,000 खास प्रोसेसर जुंपले होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. कल्पनाही तशी जुनीच. संगणकतज्ज्ञ आर्थर सॅम्युएल यांचा चेकर्स या पटावरच्या खेळाचा प्रोग्रॅम 1950च्या दशकातच आपल्याच दुसऱ्या आवृत्तीशी खेळत होता.

या रीतीचा एक दोषही आहे. रोज एकाच जोडीशी लढणाऱ्या पैलवानाला त्या जोडीचे डाव पाठ होतात, म्हणून तालमीत वस्ताद जोडी बदलून लढवतात. 2023 मध्ये एका हौशी खेळाडूने गो या पटावरच्या खेळातील, स्वतःशी खेळूनच शिकलेल्या कातागो या बलाढ्य प्रोग्रॅमला 15 पैकी 14 डावांत हरवले. सोंगट्यांच्या वर्तुळाकार साखळीभोवती वेढा आवळत जातो तेव्हा धोका ओळखणे त्या प्रोग्रॅमला जमत नव्हते, आणि ही खोट दुसऱ्या एका प्रोग्रॅमने शोधून दिली होती. डोटा हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या ओपनएआय फाइव्ह या प्रोग्रॅमचे सरावातले सुमारे 20 टक्के सामने असा एकाच जोडीचा दोष टाळायला आपल्या जुन्या आवृत्त्यांशी होत. माझ्या मते या क्षेत्रातली खरी कारागिरी नेटवर्कपेक्षा प्रतिस्पर्धी निवडण्यात आहे.

हे सगळे चालते ते हार-जीत नियमाने ठरते म्हणून. गणिताची सिद्धता यंत्राला तपासता येते, तिथे असा सराव जमू शकतो; दोन निबंधांपैकी सरस कोणता, हे ठरवणारा पंच मात्र त्या यंत्रात नसतो, तो बाहेरूनच आणावा लागतो.