तुम्ही विचारलेत म्हणून: परदेशी माणसाला आपल्या घटनेचे हक्क कशाला?

मी पुण्यात फौजदारी वकिली करते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर असल्यामुळे ज्यांना वकील करणे परवडत नाही अशा आरोपींची कामे माझ्याकडे येतात आणि त्यांत अधूनमधून परदेशी आरोपीही असतात. एवढे कळले की सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या पंगतीत, बार रूममध्ये चहा घेताना, आणि आतेभाऊ दिवाळीला घरी आले की हमखास, तोच प्रश्न पुढे येतो: घटना आपली, कर आपला, मग या लोकांना आपल्या पैशाने वकील का आणि मुळात हक्क तरी का? आजवर मी “कायदा तसा आहे” एवढे म्हणून सुटका करून घेत आले. ते उत्तर चुकीचे नाही, पण तुमचा प्रश्न कायदा तसा असावा का, हा असतो, आणि त्याला मी कधी नीट तोंड दिलेले नाही.

कायदा कसा आहे ते थोडक्यात आटोपते. समानतेचे कलम १४, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षेपासून संरक्षण देणारे २०, जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचे २१, अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करायला लावणारे २२, ही कलमे भारताच्या भूमीवर असलेल्या प्रत्येकाला लागू आहेत. शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला २२ मधून वगळले आहे ते तेवढे स्पष्टपणे लिहून. भाषणाचे, सभा घेण्याचे, देशात कोठेही स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य देणारे कलम १९, सरकारी नोकरीतील समान संधीचे १६, हे मात्र फक्त नागरिकांसाठी. ही विभागणी भोळ्या मनाने झाली, असे जे मला ऐकवतात त्यांना मी एवढेच सांगते की घटना समितीत नागरिकत्वाच्या कलमांवर ऑगस्ट १९४९ मध्ये चर्चा झाली ती फाळणीचे निर्वासित डोळ्यांसमोर असताना, आणि भारतीय नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल अशी टीका त्या चर्चेत आपल्या विदर्भातल्या पंजाबराव देशमुखांनीच केली होती. नागरिक कोणाला म्हणावे यावर इतका कडाक्याचा वाद घालणाऱ्या त्याच समितीने कलम २१ मात्र नागरिकांपुरते ठेवले नाही.

कराच्या पैशांबद्दल मला फार बोलायचे नाही. विधी सेवेच्या कामाचे मानधन किती असते हे कळले तर तुमचा आक्षेप कदाचित उलट्या दिशेने जाईल.

खरा वाद मला माझ्याशीच घालावा लागतो. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर कसाबवर खटला चालू होता तेव्हा मला सनद मिळून थोडेच दिवस झाले होते, आणि त्याला सरकारी खर्चाने वकील कशाला, हे तेव्हा मीही तावातावाने विचारत असे. माझा तेव्हाचा युक्तिवाद आजही मला टाकाऊ वाटत नाही. हक्क हे एका राजकीय समाजाचे एकमेकांना दिलेले वचन आहे, जो त्या वचनात सामील नाही, किंबहुना ते मोडायलाच आला आहे, त्याला त्याचा लाभ का, असे मी म्हणत असे. सोसायटीचा जो सभासद नाही त्याला सभेत मत कशाला, हे माझे आवडते वाक्य होते. भाडेकरूला सर्वसाधारण सभेत मत नसते हे खरेच आहे, पण तो लिफ्टमध्ये अडकला तर वॉचमन त्याच्याकडे शेअर सर्टिफिकेट मागत नाही, हे मला तेव्हा सुचले नव्हते, आणि सुचले असते तरी त्या दिवसांत मी ते ऐकून घेतले नसते.

पुढे २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली आणि २१ नोव्हेंबरला इथेच, येरवड्यात, ती अमलात आली. त्याच निकालपत्रात न्यायालयाने एक गोष्ट अशी घालून दिली की अटक झालेल्या माणसाला पहिल्यांदा समोर आणले जाईल तेव्हाच, तुला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर तो सरकारी खर्चाने मिळेल, हे सांगणे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. जनता वसाहतीतल्या किंवा पाटील इस्टेटीतल्या एखाद्या पोराला मोबाइलचोरीत धरून आणले की रिमांडच्या वेळी मी ज्या नियमाचा आधार घेते, तो एका पाकिस्तानी दहशतवाद्याच्या खटल्यात पक्का झालेला आहे. माझ्या तेव्हाच्या मताप्रमाणे त्याला हक्कच नसते, तर तो नियम त्या निकालपत्रात लिहिला गेला नसता.

तरीही माझे मत कसाबच्या निकालाने बदलले नाही. ते ज्या प्रकरणाने हलले ते फार किरकोळ होते. माणसाची ओळख पटू नये म्हणून त्यातला काही तपशील मी गाळते आहे.

तो आफ्रिकेतल्या एका देशातून इथल्या एका महाविद्यालयात बी.कॉम.साठी आला होता. दुसऱ्या वर्षी वडील वारले, घरून येणारे पैसे थांबले, फी थकली आणि महाविद्यालयाने नाव कमी केले; नाव कमी झाल्यावर बोनाफाईड मिळेना आणि बोनाफाईडशिवाय व्हिसाची मुदत वाढेना. त्या टप्प्यावर त्याने परत जायला हवे होते. तो गेला नाही. उंड्रीकडे आपल्या देशाच्या इतर मुलांबरोबर एका खोलीत राहिला आणि त्या भागातल्या विद्यार्थ्यांचे केस कापून, मुलींच्या वेण्या घालून पोट भरत राहिला, जे विद्यार्थी व्हिसा चालू असतानाही करता येत नाही. तो निर्दोष नव्हता, आणि निर्दोष माणसाची गोष्ट मी मुद्दामच निवडलेली नाही.

पकडला गेल्यावर स्थानिक जामीनदार म्हणून उभे राहायला कोणी तयार होईना, त्यामुळे जामीन मिळूनही तो येरवड्यातच राहिला आणि शेवटी त्याने गुन्हा कबूल केला. न्यायालयाने तोवर भोगलेला तुरुंगवास हीच शिक्षा धरली, थोडा दंड केला, जो मित्रांनी वर्गणी काढून भरला, आणि त्याला मायदेशी पाठवण्याची कार्यवाही करावी असा आदेश दिला. मी फाईल बंद केली. बऱ्याच दिवसांनी त्याच्या मित्राचा फोन आला की तो अजून पुण्यातच आहे, एका पोलीस ठाण्यात.

पासपोर्टची मुदत संपलेली होती. दूतावासाने प्रवासाचा तात्पुरता दाखला द्यायचा होता, त्यासाठीचे पत्र एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत होते, आणि तिकिटाचा खर्च कोणी करायचा हे ठरत नव्हते. तोवर त्याला ठाण्याच्या मागच्या खोलीत, जुना मुद्देमाल आणि मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी, ठेवले होते. निवृत्तीला आलेले एक हवालदार त्याच्यासाठी डब्यात चार पोळ्या जास्त आणत, संध्याकाळी त्याला आवारात फिरू देत आणि स्वतःच्या फोनवरून आईशी बोलू देत. मी भेटले तेव्हा त्याची फारशी तक्रार नव्हती, आणि खरे सांगायचे तर माझीही नव्हती; बरे चालले आहे, दाखला आला की जाईल, असे म्हणून मी परत आले.

मग गणपती आले. त्या दहा दिवसांत पुण्यातल्या पोलीस ठाण्याचे काय होते हे पुणेकराला सांगायला नको. हवालदार बंदोबस्तावर गेले, ठाण्यात मोजकी माणसे उरली, आणि हा पळाला तर काय करायचे म्हणून त्याला लॉकअपमध्ये घातले, गर्दीत पाकिटे मारणाऱ्या आणि पिऊन दंगा करणाऱ्या पोरांबरोबर. ती पोरे चोवीस तासांच्या आत न्यायालयात जात होती, काहींचे मामा, काहींचे मंडळाचे अध्यक्ष येऊन बसत होते, एकासाठी तर नगरसेवकाचा फोन आला. याला न्यायालयात न्यायचे कारण नव्हते, कारण त्याच्यावर कोणता गुन्हाच शिल्लक नव्हता. अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपली, बंदोबस्त उठला, तरी सोय झाली होती म्हणून तो आतच राहिला.

मी अधिकाऱ्यांकडे लेखी आदेश मागितला. परकीय व्यक्तीला अमुक ठिकाणी राहायला लावण्याचा, प्रसंगी स्थानबद्ध करण्याचा अधिकार सरकारला १९४६ च्या जुन्या कायद्यातही होता. पण त्यासाठी आदेश काढावा लागतो. तो काढलेला नव्हता. “मॅडम, माझ्याकडे माणूस नाही. हा उद्या निघून गेला तर निलंबित मी होणार, तुम्ही नाही,” असे ते म्हणाले, आणि त्यात खोटे काही नव्हते. गजाआडून तो मला विचारत होता की शिक्षा झाली ती संपली, दंड भरला, घरी पाठवा असा अर्ज मी स्वतःच दिला आहे, मग आता मी कोणत्या गुन्ह्यासाठी आत आहे? वकील म्हणून मला उत्तर ठाऊक होते. कोणत्याही नाही. ते त्याला सांगून उपयोग काय, हे कळत नव्हते.

मुंबईतल्या एका सहकाऱ्यामार्फत उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी, याचिका दाखल केली. नोटीस निघाली, आणि मग जो दाखला इतके महिने मिळत नव्हता तो मिळाला, तिकीटही निघाले, आणि सुनावणीच्या आदल्या आठवड्यात त्याला विमानात बसवले गेले. याचिकेत काही उरले नाही म्हणून ती निकाली निघाली. त्याला बेकायदा कोंडून ठेवले होते का, यावर कोणीही काहीही बोलले नाही. माझ्या फाईलमध्ये त्या प्रकरणाचा शेवट एका ओळीचा आहे.

या प्रकरणाने मला जे दिसले ते असे. नागरिकाकडे घटनेखेरीज पुष्कळ काही असते: मत असते, मामा असतो, मंडळ असते, नगरसेवक असतो, भाषा असते, गेलाबाजार ओरडायला एखादा वार्ताहर असतो. परदेशी माणसाकडे कलम २१ असते आणि कोणा हवालदाराचा चांगुलपणा असतो, आणि हवालदार बंदोबस्तावर जातात. ज्याच्याकडे दुसरे काहीच नाही त्याच्याकडूनच ते कलम काढून घ्यायचे, हा तुमच्या सूचनेचा व्यवहारातला अर्थ आहे. ही मला सुचलेली मखलाशी नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये हावडा स्थानकाच्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा ती परदेशी असल्यामुळे तिला घटनेखाली भरपाई मागता येत नाही, असा युक्तिवाद रेल्वेने सर्वोच्च न्यायालयात खरोखरच केला होता. २००० साली न्यायालयाने तो फेटाळून दहा लाखांची भरपाई कायम केली.

काही स्नेही मला सुचवतात की, “परदेशी समजून भारतीयच पकडला गेला तर?” असे विचार, लोकांना पटेल. तो मुद्दा खरा आहे. परदेशी नसल्याचे सिद्ध करण्याचा भार माणसावरच टाकणाऱ्या कायद्यात तर फारच खरा आहे. पण मी तो वापरत नाही, कारण त्यात खऱ्या परदेशी माणसाला हक्क नसले तरी चालतील हे आपण आधीच मान्य करून बसतो.

आता तुमच्या बाजूचे. जामिनावर सुटलेले परदेशी आरोपी पळतात. माझा एक अशील पळाला. ज्या घरमालकाने भल्या मनाने जामीनकतबा लिहून दिला होता त्याला नोटीस निघाली आणि ते गृहस्थ आजही मला रस्त्यात ओळख दाखवत नाहीत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका नायजेरियन आरोपीच्या प्रकरणात सांगितले की गूगल मॅपवर आपले ठिकाण पोलिसांना सतत दाखवत राहण्याची अट जामिनाला घालता येणार नाही, आणि दूतावासाचे हमीपत्र आणलेच पाहिजे असेही म्हणता येणार नाही, कारण ते देणे आरोपीच्या हातात नसते. दोन्ही गोष्टी मला पटतात. त्या घरमालकाला मी काय सांगावे हे मात्र त्या निकालात नाही.

शिवाय हक्कांची सीमा कोठे आखायची यावर मी स्वतः स्थिर नाही. परदेशी माणसाला देशाबाहेर घालवण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ अमर्याद आहे हे १९५५ च्या हॅन्स म्युलर खटल्यापासून ठरलेले आहे, आणि २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा म्हटले की कलम १४ आणि २१ सर्वांना आहेत, पण हद्दपार न होण्याचा हक्क कलम १९ मधल्या वास्तव्याच्या हक्काशी जोडलेला आहे, म्हणजे नागरिकांचाच. मी हे मान्य करते, कारण राहू द्यायचे की नाही हे ठरवता येत नसेल तर देश या कल्पनेत फार काही उरत नाही. मग मला जादवपूर विद्यापीठातला तो पोलिश विद्यार्थी आठवतो, ज्याला २०२० मध्ये एका निषेधसभेला गेल्याबद्दल देश सोडण्याची नोटीस मिळाली आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने ती कलम २१ चाच आधार घेऊन रद्द केली. त्या निकालाचा मला आनंद झाला, आणि त्याच वेळी माझ्यातली २००९ सालची वकील म्हणाली की हे तर कलम १९ मागच्या दाराने आत आणणे झाले. तिला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

गेल्या दिवाळीत आतेभाऊ म्हणाले, “मग त्यांना लवकर पाठवून तरी द्या ना!” यावर आमचे पूर्ण एकमत आहे. आसामातल्या मतिया येथील स्थानबद्धता केंद्रात परदेशी ठरवून वर्षानुवर्षे ठेवलेल्या ६३ जणांबद्दल फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांनी सरकारला, मुहूर्ताची वाट पाहता आहात का, असे विचारले ते याच रागाने. १ सप्टेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा आला आहे. लवकर पाठवा अशा अर्जावर भाऊंच्या सहीखाली मी माझी सही करीन. फक्त त्या अर्जात, पाठवेपर्यंत तो माणूस कोणाच्या लेखी आदेशाने, कोठे आणि किती काळ राहील, ही एक ओळ घालावी लागेल, आणि त्या ओळीवर आमचे पुन्हा भांडण होणार आहे.