कोल्हापूर ते पणजी, समुद्राच्या कडेकडेनं एसटीनं : दोघी, सात दिवस, अकरा हजार

खरं तर ठरलं होतं ॲक्टिव्हावरनं जायचं. मी आणि माझी मावसबहीण, घरात सगळे तिला बारकी म्हणतात, वय २२ झालं तरी बारकीच. कोल्हापूरहून रत्नागिरी, तिथनं किनाऱ्यानं खाली मालवण, वेंगुर्ला, शिरोडा आणि मग गोव्यात शिरून पणजी, असा प्लॅन. दोघींत मिळून दहा हजार. आईनं गाडीची चावीच कपाटात टाकली म्हणून मग रागारागानं मी हिशोब मांडायला बसले की गाडीनं कसं स्वस्त पडतंय ते तिला दाखवू, आणि झालं उलटंच. अंतर साधारण सातशे किलोमीटर, ॲक्टिव्हा पंचेचाळीसचं ॲव्हरेज देते, म्हणजे सोळाएक लिटर पेट्रोल, एकशे चार-पाचच्या भावानं सोळाशे-सतराशे रुपये. आणि एसटीनं? बायकांना मार्च २०२३ पासून हाफ तिकीट आहे, त्या हिशोबानं दोघींचं मिळून हजार-बाराशेत होत होतं. वर घाटात ट्रकच्या मागं जीव मुठीत धरून जायला नको. आईला काही बोलले नाही मी, नुसती सॅक भरायला घेतली.

एक सांगते, एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास असतो चार दिवसांचा आणि सात दिवसांचा, भारी आहे तो, पण बायकांनी घेण्याआधी एकदा बेरीज करून बघा. हाफ तिकीट असताना आमच्यासारख्या रमतगमत जाणाऱ्यांचा त्या पासमधून पैसा वसूल होत नाही. पुरुष असाल आणि रोज दोनशे-अडीचशे किलोमीटर तुडवणार असाल तर गोष्ट वेगळी.

निघायचा दिवस मुद्दाम २७ जानेवारी ठेवला, २०२५ ची गोष्ट. सव्वीसची सुट्टी संपली की सगळे मुंबई-पुणेवाले परत जातात आणि रूमचे रेट धाडकन खाली येतात. तेवढ्यात २५ तारखेपासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे आमच्या नशिबात दोन दिवसांचा फरक. असो.

सकाळी सहाला सीबीएसवरनं, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवरनं, रत्नागिरी गाडी. मलकापूर, आंबा, मग घाट. आंबा घाट मी लहानपणापासून दहा वेळा तरी उतरलेय पण दरवेळी कारमध्ये मागं झोपून, त्यामुळं जागेपणी बघितला तो पहिल्यांदाच. लाल डब्याची खिडकी उंच असते, कारमधनं कठडा दिसतो आणि एसटीतनं दरी दिसते. बारकीला मात्र उलटी. आल्याच्या वड्या, लिंबू, पिशवी, सगळं होतं पण सॅकमध्ये तळाला. आणि सॅक उघडल्यावर कळलं की आईनं दिलेली कांदा-लसूण चटणीची बरणी लवंडलीय, तेल सगळं कपड्यांना. सात दिवस माझ्या एका कुर्त्याला मिसळीचा वास. चटणी न्यायची असेल तर कोरडी न्या, झिपच्या पिशवीत, आणि ती पिशवी पण डब्यात.

रत्नागिरीत पहिला दिवस माझ्याच चुकीनं अर्धा वाया गेला. ब्रह्मदेशच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी इथं आणून ठेवलं, त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० साली पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला. आता तिथं म्युझियम आहे. उन्हातनं चालत गेलो, रिक्षाचे पैसे वाचवले म्हणून खूश, आणि दाराला कुलूप, सोमवार! मग टिळकांचं घर बघितलं आणि संध्याकाळी मांडवी बीचवर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याला जाणारा आरे-वारेचा रस्ता. ज्यासाठी लोक गाड्या घेऊन येतात, रील काढतात, तो रस्ता एसटीनं पण होतो, फक्त गाडी कुठल्या स्टँडवरनं सुटते ते आदल्या रात्रीच विचारून ठेवायचं. मुख्य स्टँडचं बांधकाम चालू होतं, गावाकडच्या गाड्या रहाटाघरवरनं, आणि आम्ही अर्धा तास भलतीकडंच उभ्या. शेवटी मिळाली. आता नीट लक्ष देऊन वाचा, ही एक टिप फुकट आहे पण हजाराची आहे : किनाऱ्यानं उत्तरेला जाताना दाराच्या बाजूची खिडकी धरायची आणि दक्षिणेला येताना ड्रायव्हरच्या बाजूची, कारण समुद्र कायम पश्चिमेला. आम्ही जाताना चुकीच्या बाजूला बसलो आणि पूर्ण आरे-वारे एका काकांच्या टोपीवरनं बघितलं. येताना मात्र ड्रायव्हरच्या मागची सीट पकडली, आणि तो वळणावर रस्ता वर चढतो आणि खाली दोन्ही बीच एकदम उघडतात ना, तिथं बारकी चक्क गप्प झाली.

गणपतीपुळ्याला पाण्यात फक्त घोट्यापर्यंत. आपल्याकडं पंचगंगेत पोहायला शिकलेल्या माणसाला वाटतं आपल्याला काय होतंय, पण तिथला उतार फसवा आहे, लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. बोर्ड उगाच लावलेले नाहीत. त्यापेक्षा डोंगराला प्रदक्षिणा घाला, साधारण किलोमीटरभर आहे.

तिसऱ्या दिवशी खाली सरकलो. पावस गावाला सकाळी जाऊन आलो, स्वामी स्वरूपानंदांच्या मठात खिचडीचा प्रसाद मिळाला, त्यामुळं दुपारच्या जेवणाचे पैसे वाचले (असं म्हणायचं नसतं, आई वाचत असेल तर सॉरी). पुढं किनाऱ्यानंच विजयदुर्गला जायचं माझ्या डोक्यात होतं, पण दोन ठिकाणी गाड्या बदला, मध्ये ताटकळा, ते काही जमेना, म्हणून परत रत्नागिरीला येऊन हायवेनं तळेऱ्यापर्यंत आणि तिथनं विजयदुर्ग. कोल्हापूरहून थेट विजयदुर्ग करणाऱ्यांना पण तळेरेच पडतं, गगनबावड्यावरनं. तेव्हा करूळ घाटाचं काम चालू होतं. तो घाट बंद असला की गाड्या भुईबावड्यानं नाहीतर फोंड्यानं फिरतात आणि तास-दीड तास वाढतो, त्यामुळं निघायच्या आधी सीबीएसच्या चौकशी खिडकीवर विचारूनच निघा.

तळेऱ्यात कंडक्टरनं एक शब्द शिकवला ज्यानं पुढची सगळी ट्रिप सुटली. वस्तीची गाडी. संध्याकाळी एसटी आतल्या गावाला जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच मुक्काम करतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. म्हणजे वस्तीच्या गाडीनं गेलात की रात्रीच्या मुक्कामाचं गाव आपोआप ठरतं आणि सकाळची पहिली गाडी पण पक्की. मोबाईलवर काय वाट्टेल ते टायमिंग दिसतं, त्यावर विसंबू नका, ज्या गावात उतराल तिथं उतरल्या उतरल्या त्याच कंडक्टरला विचारायचं की उद्या पहिली गाडी किती वाजता आणि शेवटची किती वाजता. बॅकपॅकिंग बॅकपॅकिंग म्हणून जे काय म्हणतात ते कोकणात एवढंच आहे, बाकी सगळं जेवण आणि झोप.

विजयदुर्गला रूम सहाशेला मिळाली, गरम पाण्याची बादली वेगळी मागून. किल्ल्याच्या तिन्ही बाजूंना पाणी. बाराव्या शतकाच्या शेवटी शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बांधला म्हणतात, म्हणजे आपल्या पन्हाळ्याचाच भोज. बारकी तटावर उभी राहून म्हणाली, "अक्का, म्हणजे हा पण कोल्हापूर जिल्हाच की." तसा नाद करू नये देवगडवाल्यांसमोर.

चौथ्या दिवशी नियम मोडला आणि दंड भरला. विजयदुर्गहून देवगड, देवगडात पवनचक्क्या बघितल्या, तिथनं कुणकेश्वर. देऊळ अगदी वाळूला लागून, दुपारचं ऊन, सावलीत बसलो, बसलोच. शेवटच्या गाडीचं विचारलं होतं पण मधल्या गाडीचं नाही. मिठबावच्या बाजूला तिठ्यावर येऊन थांबलो, एका टपरीवर कोकम सरबत घेतलं, ती काकी म्हणाली, "खंय जातल्यात गो?" मालवण म्हटलं. "गाडी गेली मगे. आता येतली साडेचाराक, इली तर." त्या "इली तर" वर आम्ही दोन तास काढले. आली नाही. काकीनंच ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन लावला, आचऱ्यामार्गे मालवणपर्यंत ६०० रुपये. चार दिवसांत एसटीला दोघींचे मिळून जेवढे गेले, जवळजवळ तेवढे. पण खोटं का बोलू, तो रस्ता रिक्षातनं फार सुंदर दिसला, दोन्ही बाजूंनी उघडं, खाडी आली की पूल, पूल संपला की माड, मध्येच समुद्र डोकावतोय, आणि रिक्षावाले दादा प्रत्येक गावाची भांडणं सांगत होते.

मालवणात दोन रात्री, चिवला बीचजवळ घरगुती रूम, नऊशे मागितले, दोन रात्री राहतो म्हटल्यावर साडेआठशे. शनिवार-रविवारी हीच रूम दुप्पट असते असं त्यांनीच सांगितलं. रूमच्या बाबतीत आमचा नियम असा की फोनवर बुक करायची नाही, सॅक घेऊन दारात जायचं, बाथरूम बघायचं, मग बोलायचं. फक्त सीझनमध्ये हे करू नका, रस्त्यावर झोपाल. आधी एका ठिकाणी (गाव सांगत नाही) आम्ही फोनवर पैसे पाठवून बसलो होतो आणि तिथं 'सी व्ह्यू' म्हणजे संडासाच्या खिडकीतनं दिसणारा पट्टा निघाला.

सिंधुदुर्गला होडीनं गेलो. पाया २५ नोव्हेंबर १६६४ ला घातला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. होडीवाले परत यायला साधारण तासाभराचा वेळ देतात, तो पुरत नाही, म्हणून चढायच्या आधीच सांगून ठेवायचं की आम्ही पुढच्या होडीनं येऊ. आमच्यावेळी चाललं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, जून-जुलैत मासेमारीवरही बंदी असते, तेव्हा स्वस्तात जायचं म्हणून त्या दिवसात गेलात तर ताजा मासा पण नाही आणि किल्ला पण नाही. पॅरासेलिंग वगैरे केलं नाही, बजेटच नव्हतं. त्याऐवजी सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढत होते, तीस-चाळीस माणसं दोरी धरून, बारकी पण जाऊन ओढायला लागली. बदल्यात कुणी तिला चार बांगडे दिले, ते आम्ही रूमवाल्या काकूंना दिले, काकूंनी तळून आम्हालाच वाढले. पूर्ण ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं जेवण, खर्च शून्य.

जेवणाचं म्हणाल तर बोर्डावर मोठ्ठा सुरमईचा फोटो असलेल्या हॉटेलात जायचं नाही, तिथं थाळी चारशेच्या पुढं. बांगडा थाळी मागा, दोनशे-अडीचशेत होते, आणि सोलकढी दुसऱ्यांदा विचारा, बहुतेक जण देतात. पहिले दोन दिवस आम्हाला सगळंच फिक्कं लागलं, कोल्हापूरच्या जिभेचा दोष, मग त्या सांडलेल्या चटणीचा उरलेला भाग कामी आला.

सहाव्या दिवशी परुळे-म्हापणवरनं वेंगुर्ला, आणि संध्याकाळच्या गाडीनं शिरोडा. इथं १९३० साली मिठाचा सत्याग्रह झालेला, मिठागरं अजून आहेत. वेळागरच्या वाळूवर सुरूच्या बनात बसलो तेव्हा आमच्याशिवाय फक्त दोन कुत्री होती. इथं एक दिवस जास्त ठेवायला पाहिजे होता, मालवणचा एक कमी करून. हे मला आता कळतंय.

सातवा दिवस रेडी. गणपतीचं दर्शन, मग तेरेखोलकडं सॅक घेऊन चालत, मध्ये एका दादांनी टेम्पोत घेतलं. तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडं असून गोव्यात आहे, त्यामुळं आपण कधी राज्य ओलांडलं ते कळत पण नाही. तिथनं केरीला फेरीबोट, चालत जाणाऱ्याला तिकीटच नाही! बारकी म्हणाली, "परत जाऊन परत येऊया का?" केरीहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, दोन्ही बसेस लगेच मिळाल्या. पण गोव्यात आपलं हाफ तिकीट नाही, तेव्हा पाकीट उघडं ठेवा. पणजीत जेमतेम तीन तास, फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत फिरलो, मांडवी नदीच्या काठावर पाव-भाजी खाल्ली आणि पळतपळत स्टँड गाठला.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं आम्हाला दोन-दोन तिकिटं दिली, हद्दीपर्यंत पूर्ण आणि पुढं अर्धं. आंबोली घाट चढताना अंधार पडत होता आणि थंडी एवढी की चटणीचा कुर्ता पण घातला. आजऱ्याला चहा, गडहिंग्लज कधी गेलं कळलं नाही, सीबीएसला उतरलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले.

एकूण ११,३४० रुपये. राहायला ४,५०० च्या आसपास, खायला साडेतीन हजार, एसटी आणि बस मिळून तेराशे, रिक्षाचे ते ६००, आणि उरलेलं होडी, तिकिटं, खाजं, कोकमाचं आगळ. म्हणजे बजेटच्या वर तेराशे चाळीस, त्यातले सहाशे एकट्या "इली तर"चे. बारकीच्या वाटणीतले ३४० अजून यायचेत, आणि ती म्हणते आगळाची बाटली तुझ्याकडंच आहे, त्यात वळते करून घे.